पहिल्या पसंतीला बीडीएस

नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासक्रमात माणसाचे दात कुठं कुठं येतात, त्या जागांवर मी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. फार नव्हत्याच. अकरावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रात पचनाचा धडा होता, त्यात दंतसूत्र: २१२३ वर, २१२३ खाली. जबड्याच्या एका बाजूला दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. आयुष्यात दोनदा येणारे दात किती आणि एकदाच येणारे किती, हा प्रश्न टेस्ट सिरीजवाल्यांचा फार आवडता. उत्तर २० आणि १२. रसायनशास्त्रात पर्यावरणाच्या धड्यात पाण्यातल्या फ्लोराइडवर एक परिच्छेद होता. प्रमाण १ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत एक) असलं तर दातावरचं कवच अधिक टणक होतं, २ पीपीएमच्या वर गेलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. भौतिकशास्त्रात आरसे आले की अंतर्वक्र आरसा यायचा. वस्तू नाभीच्या आत ठेवली की प्रतिमा सुलटी आणि मोठी दिसते, म्हणून दहावीच्या पुस्तकानं तो दंतवैद्याच्या हातात दिलेला. (आज माझ्या ट्रेमध्ये असतो तो बहुतेक वेळा सपाट आरसा, पुढच्या पृष्ठभागावरच मुलामा दिलेला, म्हणजे दुहेरी दिसत नाही. तेव्हा हे कुठं माहीत होतं!)

हे २०१९ सालचं. २०२४ च्या परीक्षेपासून पचनाचा धडा अभ्यासक्रमातून गेला, पर्यावरणाचं रसायनशास्त्रही गेलं. प्राण्यांच्या वर्गीकरणात शार्कसारख्या माशांचे मागं वळलेले दात आहेत, उत्क्रांतीच्या धड्यात टायरॅनोसॉरसचे खंजिरासारखे दात आहेत. दंतसूत्राचं ते पान मात्र नाही. ज्या परीक्षेतून देशातल्या प्रत्येक दंत महाविद्यालयाचा प्रवेश होतो, त्या परीक्षेच्या अभ्यासातून हे पान जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला त्या पानाशी थांबून माझं पुढचं आयुष्य दिसायचं. रात्री अभ्यासाला कंटाळले की मी ते उघडून बसायचे.

नीटचं दार एमबीबीएसला आणि बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, एकच. महाराष्ट्रात आधी राज्याची सीईटी असायची. २०१६ मध्ये नीट परत आली आणि २०१७ पासून सगळ्यांना तीच. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. परीक्षा एक असायला माझी हरकत नाही. पण परीक्षा एक झाली की निकालाची एकच शिडी होते, आणि शिडी म्हटलं की वरची पायरी आणि खालची पायरी आलीच. आमच्याकडं सर्रास म्हणतात, "एमबीबीएस नाही लागलं, मग बीडीएसला टाकलं." वास्तविक देशानं हा व्यवसाय स्वतंत्र मानला त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. दंतवैद्यांसाठी वेगळा कायदा १९४८ मध्ये झाला आणि दुसऱ्याच वर्षी वेगळी परिषद आली. पहिलं दंत महाविद्यालय तर १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं होतं. बीडीएस म्हणजे अर्धवट राहिलेलं एमबीबीएस, हे डोक्यातून जायला आणखी किती वर्षं लागणार आहेत?

मला बीडीएसच करायचं होतं. पहिल्यापासून.

आमचं घर कोल्हापुरात, गुजरी या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात. माझे वडील, आण्णा, कारागीर आहेत, दुकानदार नव्हे. दुकानदार ऑर्डर आणून देतात, आण्णा माल करून देतात. कोल्हापुरी साज हे त्यांचं मुख्य काम. साजातली पानं ठशावर उठवायची, आत लाख भरायची, जवमणी ओवायचे, कडीला डाग द्यायचा, म्हणजे ती झाळून जोडायची. डाग देताना फुंकणी तोंडात असते आणि ज्योत इतकी बारीक ठेवावी लागते, की एक श्वास जास्त गेला तर पान वितळून गोळा होतो. मी त्या पाटासमोर बसून गृहपाठ करत मोठी झाले. आण्णांची बोटं जाड आहेत, पण चिमट्याच्या टोकाला आली की मोहरीएवढा मणी नेमका उचलतात.

मी नववीत असताना आजीला कवळी करायची ठरली. मंगळवार पेठेतल्या एका डॉक्टरांकडं तिला न्यायचं काम आण्णांकडं आलं आणि सोबत मी. फेऱ्या बऱ्याच झाल्या. आधी मापं, मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा जबडा खालच्यावर कसा टेकतो ते बघणं, मग मेणात दात बसवून आजीला "एकावन्न, बावन्न" म्हणायला लावणं. शेवटी गुलाबी कवळी आली. डॉक्टरांनी निळ्या कागदाची पट्टी आजीच्या दातांमध्ये धरली आणि म्हणाले, "चावा आजी." कवळी बाहेर काढली, तर दोन दाढांवर निळे ठिपके गडद उठले होते आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. त्यांनी गडद ठिपक्याच्या जागी जरासं घासलं, पुन्हा कागद, पुन्हा "चावा." असं कितीतरी वेळ. आजी कंटाळली, मी कंटाळले. आण्णा मात्र उठून खुर्चीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत बघत राहिले. ठिपके दोन्ही बाजूंना सारखे उठले तेव्हा डॉक्टरांच्या आधी आण्णांनीच मान हलवली. घरी येताना महाद्वार रोडवर एवढंच बोलले, "हात हाय त्यांचा." आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. त्या आठवड्यात आजीनं खरपूस भाजलेली भाकरी कुस्करून न घेता खाल्ली. मला काय व्हायचंय हे तेव्हा ठरलं, आणि पुढं ते बदललं नाही.

बारावीसाठी मला लातूरच्या क्लासला पाठवावं असं नात्यातल्या बऱ्याच जणांचं मत होतं. आण्णा म्हणाले, घरापासून लांब राहून पोरगी वाळून जाईल. मग राजारामपुरीतला क्लास. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि त्या वर्षी आम्ही मुलं त्या नंबरांनीच बोलायचो: चौथ्या गल्लीत झेरॉक्स, सातवीत चहा. दर रविवारी टेस्ट. सोमवारी रँक लावलेली यादी फळ्याच्या शेजारी चिकटवायचे आणि तिच्यासमोर गर्दी व्हायची. ती यादी मला कधीच आवडली नाही. माझा नंबर वर असला तरी नाही.

क्लासमध्ये एकदा सरांनी प्रत्येकाला स्वप्न विचारलं. कार्डिओ, न्यूरो, एम्स. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बीडीएस." सर मायाळू होते, हसले नाहीत. म्हणाले, "बाळ, आत्तापासनं कमी का धरतीस? टार्गेट वर ठेव, मग खाली काहीतरी लागतंच." ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. तरी त्या वर्षी मला सगळ्यात जास्त थकवलं ते अशा आपुलकीच्या बोलण्यानं. भौतिकशास्त्रातलं घूर्णन मी पुन्हा पुन्हा करून बसवलं, सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया भिंतीला चिकटवल्या. तो कष्टाचा भाग होता आणि कष्टाचं काही वाटत नव्हतं. पण मला जे हवंय ते हवं असण्याजोगंच नाही, असं रोज कुणीतरी प्रेमानं सांगत असेल तर माणूस आतून एकटा पडतो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पोरीच्या जातीला बरंच की गं दातांचं, रात्रीच्या ड्यूट्या नाहीत." त्यांनी बाजू घेतली होती माझी, पण तिथंही कारण त्यांचं होतं, माझं नव्हतं.

अभ्यासिकेत माझ्या शेजारी चंदगडकडची एक मुलगी बसायची. ती दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहायची. बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण कोल्हापुरात खेड्यातलं पोर शिकू शकतं त्याला ही बोर्डिंगं मोठं कारण आहेत. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली, जागा दिल्या, आणि १९०२ मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या. माझ्या या मैत्रिणीनं दहावीपर्यंत सगळं मराठीत केलेलं. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, तिनं तोच निवडला होता. पण चांगलं साहित्य सगळं इंग्रजीत, क्लास इंग्रजीत, टेस्ट सिरीज इंग्रजीत. मी एकदा वाचायचे ते ती दोनदा शिकायची. तिला एमबीबीएस हवं होतं, कारण गावात बाळंतपणाला बाई अडली तर गाडी करून बेळगाव नाहीतर गडहिंग्लज गाठावं लागतं हे तिनं घरात बघितलं होतं. तिच्या एमबीबीएसमागं आणि माझ्या बीडीएसमागं एकाच जातीचं कारण होतं, डोळ्यांनी बघितलेलं. आमची मैत्री त्यावर टिकली. वर्गातल्या बाकीच्या कितीजणांकडं असं कारण होतं, मला शंका आहे. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी काही दाखवलंच नव्हतं.

परीक्षा ५ मे २०१९ ला होती, रविवारी, दुपारी दोन ते पाच. सूचनांचा कागद आला आणि घरात वेगळीच धावपळ सुरू झाली. अर्ध्या बाह्यांचे फिकट कपडे, बूट नाही, साधी चप्पल, अंगावर धातूचं काही नाही. सोनाराच्या घरातली मुलगी मी. कानातल्या बाळ्या निघाल्या. पण नाकातली चमकी लहानपणी टोचल्यापासून आण्णांनी केलेली तीच, आणि तिची फिरकी इतकी घट्ट बसलेली की आईला फिरेना, मला फिरेना. शनिवारी रात्री आण्णांनी मला पाटासमोर बसवलं, दिवा जवळ ओढला, माझी हनुवटी डाव्या हाताच्या दोन बोटांनी वर केली आणि बारक्या चिमट्यानं फिरकी धरली. "हलू नको. श्वास घे सावकाश." चिमट्याचं टोक नाकपुडीच्या आत होतं आणि मला स्पर्शसुद्धा जाणवत नव्हता. अर्धा वेढा, थांबणं, पुन्हा अर्धा वेढा. फिरकी सुटली. एवढ्या अरुंद जागेत, समोरच्याला न दुखवता, उजेड आणि बोट यांचा मेळ घालून केलेलं ते काम मी अगदी जवळून बघत होते. उद्या तीन तास बसून मी जे मिळवायला चालले होते, ते नेमकं हेच.

केंद्रावर दीडला फाटक बंद होतं, म्हणून आम्ही अकरालाच पोहोचलो. मे महिन्याचं ऊन, सावली एका चिंचेची, तिच्याखाली शंभरभर पालक. कुणी टोपी विसरलं होतं, कुणी फोटो. मेटल डिटेक्टर अंगावरून फिरवला, आत गेले. पेन तिथंच देतात. अंगठा, सही, उत्तरपत्रिकेवर पुस्तिकेचा कोड.

पेपरबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. आधी जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र, शेवटी भौतिकशास्त्र, असा क्रम वर्षभर घोटलेला. गोळे शेवटी भरायला ठेवायचे नाहीत, पान संपलं की त्या पानाचे भरायचे. साडेतीनच्या सुमाराला वर्गातला पंखा बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा एका प्रश्नापाशी अडकून इतका वेळ तसाच बसला होता, की मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पाच वाजता घंटा झाली. बाहेर आण्णा त्याच चिंचेखाली उभे होते, खिशात माझी चमकी कागदाच्या पुडीत. त्यांनी पेपर कसा गेला विचारलं नाही, "उसाचा रस घेणार काय?" असं विचारलं.

निकाल ५ जूनला लागला. गुण चांगले होते. किती ते लिहीत नाही, कारण आकडा आला की लगेच कटऑफची तुलना सुरू होते. सरांनी फोन करून हिशेब मांडला. तेव्हा महाराष्ट्रात ७०:३० चा नियम होता, आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा आणि ३० टक्के सगळ्या राज्याला. कोल्हापूर 'उर्वरित महाराष्ट्र' या विभागात मोडायचं. सरांच्या मते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत विदर्भाकडं सरकारी एमबीबीएस बसू शकत होतं. "एक फेरी थांब फक्त," ते म्हणाले.

पसंतीक्रमाचा फॉर्म भरायला मी आणि आण्णा शाहूपुरीतल्या एका नेट कॅफेत गेलो. एमबीबीएस आणि बीडीएसची कॉलेजं एकाच यादीत, हवी तशी वरखाली लावायची. मी कोड सांगत गेले, पोरगा टाकत गेला. सुरुवातीला मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय, मग मुंबईचंच नायर, मग नागपूर, औरंगाबाद. पोरगा थांबला. "ताई, वरखाली झालंय बघा. हे सगळं डेंटल वर आलंय."

"तसंच पाहिजे."

त्यानं आण्णांकडं बघितलं. रोज शेकडो फॉर्म भरणारा तो, त्याला काळजी वाटणं साहजिक होतं. लॉक झाल्यावर बदलता येत नाही. आण्णा म्हणाले, "ती म्हणतीया तसं टाक. तिनं बघितलंय ते काम." पहिल्या फेरीत मला जागा लागली. एका सरकारी दंत महाविद्यालयात, पहिल्या पसंतीनं. पेढे वाटताना आईला बऱ्याच घरांत समजावून सांगावं लागलं.

पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांच्याबरोबर दातांच्या रचनेचा स्वतंत्र विषय असतो, आणि त्यात मेणाचा ठोकळा कोरून दात करायचे असतात. हातात मेणाची कांडी आणि एक दोन टोकांचं कोरणं. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची पुस्तकातली मापं अजून पाठ आहेत: शिरोभाग साडेदहा मिलिमीटर, मूळ तेरा, रुंदी साडेआठ. मापं आली तरी दात येत नाही. ओठाकडची बाजू कुठं फुगते, मधल्या रेषेकडचा कोपरा टोकदार आणि दुसरा गोलसर का, मूळ टोकाला कोणत्या बाजूला झुकतं, हे डोळ्यांत बसल्याशिवाय हाताला कळत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, आम्ही घरी आलो आणि मेणाचे ठोकळे घेऊन मी आण्णांच्या पाटासमोर बसले. गुजरी बंद, आण्णांना काम नाही. मी दाढ कोरायचे, ते बघायचे. पहिल्यांदा म्हणाले, "घाई करतीस. काढलेलं परत लावता येत नाही." नंतर स्वतः एक ठोकळा मागून घेतला. त्यांनी कोरलेली वरची पहिली दाढ माझ्यापेक्षा सफाईदार होती, पण चार उंचवट्यांपैकी मोठा कुठला आणि का, ते त्यांना मी सांगितलं. दंतवैद्यकात सोन्याची भरणं मेणाच्या साच्यावरून ओतायची पद्धत टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मांडली, हेही सांगितलं. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "वतीव काम तर आपलंच हाय," म्हणाले.

तिथं मला पुन्हा पुन्हा एक प्रश्न पडायचा. हातानं करायच्या कामाला प्रवेश देताना हात का बघत नाहीत? काही देशांनी बघून पाहिलाय. अमेरिकेतल्या दंत प्रवेश परीक्षेत एकेकाळी खडू कोरायला द्यायचे. पुढं ते बंद करून त्याच्या जागी आकृत्यांचा विभाग आणला: साठ मिनिटांत नव्वद प्रश्न, कोन लहानमोठे लावायचे, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उलगडल्यावर काय दिसेल ते सांगायचं, वस्तू कुठल्या भोकातून आरपार जाईल ते ओळखायचं. कॅनडात तर बरीच वर्षं साबणाची वडी कोरायला लावत. सोनाराची मुलगी म्हणून मला आधी वाटायचं, आपल्याकडंही असं काही पाहिजे.

आता तसं वाटत नाही. माझ्या तुकडीत अशी मुलं होती ज्यांनी आयुष्यात सुरी धरून कांदासुद्धा चिरला नव्हता. त्यांचे पहिले दात शेंगदाण्यासारखे व्हायचे. वर्ष संपता संपता त्यांच्यातल्या काहींचे दात माझ्या दातांशेजारी ठेवले तर शिक्षकांना निवडायला वेळ लागायचा. हात शिकतो. रोज दोन तास, समोर कुणीतरी दाखवणारं आणि चुकलं तर दुसरा ठोकळा असेल तर बहुतेक सगळे हात शिकतात. शिवाय २०१९ ला १४ लाखांवर मुलं नीटला बसली होती. एवढ्यांच्या हाताची परीक्षा न्यायानं घेणार कोण? साबण कोरायचेही क्लास निघाले असते, आणि चंदगडच्या मुलीला आणखी एक फी परवडली नसती. चार पर्याय आणि एक गोळा, हा नियम कितीही रूक्ष असला तरी तिला आणि मला सारखा होता. म्हणून परीक्षेत हात नाही याची माझी तक्रार राहिली नाही.

तक्रार आहे ती वेगळी. हे काम काय आहे हे न बघता मुलं फॉर्म भरतात, आणि आपण भरू देतो. याचा परिणाम दिसतोही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षीच्या बीडीएस प्रवेशासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल १० नं खाली आणायला सांगितलं, कारण देशभर सुमारे ७ हजार जागा रिकाम्या पडल्या होत्या. खासगी कॉलेजांची फी हे त्याचं मोठं कारण आहे, न्यायालयानंही फीकडं बोट दाखवलं. पण मी कॉलेजात जी मुलं बघितली त्यांच्यातली कितीतरी पहिलं वर्ष पुन्हा नीट द्यायच्या तयारीत घालवत होती. पुढ्यात मेणाचा दात, मांडीवर एनसीईआरटी. एक वर्गमित्र तर दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, पहिली दाढ कोरून भरेपर्यंत वसतिगृहात कुणाशी धड बोलत नव्हता. त्या दिवशी तो ते भरण मोबाइलवर सगळ्यांना दाखवत फिरला. त्याला हे दोन वर्षं आधी दाखवलं असतं, तर कदाचित त्यानं हेच मागितलं असतं. कदाचित नसतंही, आणि मग ती जागा हे हवं असणाऱ्याला मिळाली असती.

म्हणून आता मी दवाखान्यात अकरावी-बारावीच्या मुलांना बसू देते. पेशंटची परवानगी घेऊन, लांब स्टुलावर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत राजारामपुरीतल्या एका क्लासची मुलगी आली होती. सकाळी एका लहान मुलाची किडलेली दाढ होती, तो रडून रडून थकेपर्यंत मी नुसती त्याच्याशी गप्पा मारत बसले. मग एका आजोबांची कवळी, तोच निळा कागद. दुपारी एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आला. सुपारी-तंबाखूचा मावा खायची सवय, तिखट सोसेना म्हणून आलेला. मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. त्याची दोनसुद्धा अडत होती. गालाची आतली बाजू पांढरट, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. सुपारीनं होणारा हा आजार परतत नाही, आणि पुढं त्याच जागी कॅन्सर होण्याची भीती असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मावा टपरीवर घोटून मिळतोच. मी त्याच्याशी बराच वेळ बोलले, त्याच्या बायकोला पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं, तपासणीसाठी चिठ्ठी दिली. मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती.

तो गेल्यावर तिनं विचारलं, "ताई, एवढं वाकून तुमची पाठ दुखत नाही?"

दुखते, म्हटलं. खुर्ची कशी लावायची, कोपर कुठं ठेवायचं हे शिकवतात, तरी दुखते. मग तिनं बरंच काही विचारलं: दवाखाना टाकायला पैसे किती लागतात, नोकरी मिळते का, मुलींना त्रास होतो का, रक्त बघून सुरुवातीला काय वाटायचं. मला जे खरं वाटतं ते सांगितलं, पैशांचंसुद्धा. जाताना म्हणाली, तिला तो शेवटचा पेशंट आवडला, पण त्याच्या तोंडापेक्षा त्याला पुढं काय होणार याचीच चिंता तिला जास्त वाटत होती. तिला बहुतेक एमबीबीएस करून कॅन्सरकडं जायचंय.

मला खूप बरं वाटलं. "मग तसंच भर," मी म्हटलं, "आणि तुझ्या क्लासमध्ये अजून कुणाला यायचं असेल तर सांग. शनिवारी कवळीचे पेशंट असतात, शनिवारी या."